सोनोग्राफरचा पेपर कोण काढतं? कामाच्या पाहणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अमेरिकेत सोनोग्राफर आहे, म्हणजे सोनोग्राफी करते, पण डॉक्टर नाही. पोट आणि ओबी-गायनी, म्हणजे गरोदरपण आणि स्त्रीरोग, हे माझं रोजचं काम. महाराष्ट्रातून इकडे आलेले डॉक्टर, फिजिओ, रेडिओग्राफर मला नेहमी परीक्षेबद्दल विचारतात, आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो: "कुठलं पुस्तक वाचू?" पेपर पुस्तकातून निघतच नाही, तो काम करणाऱ्यांच्या पाहणीतून, म्हणजे जॉब टास्क सर्व्हेतून निघतो, हे समजावून सांगता सांगता हे पान तयार झालं.

परीक्षा घेतं कोण? सरकार का?

नाही. अमेरिकेत बहुतेक राज्यांत सोनोग्राफरला सरकारी परवाना लागत नाही. न्यू मेक्सिको, ओरेगन, नॉर्थ डकोटा, न्यू हॅम्पशायर अशी मोजकी राज्यं तो मागतात. बाकी ठिकाणी हॉस्पिटल आणि विमा कंपन्या विचारतात ते "रजिस्टर्ड आहात का?" एवढंच. हे रजिस्टर चालवणारी सर्वांत मोठी संस्था म्हणजे अमेरिकन रजिस्ट्री फॉर डायग्नॉस्टिक मेडिकल सोनोग्राफी. बोलताना आम्ही एआरडीएमएस म्हणतो. ती १९७५ पासून आहे, मेरीलँडमधल्या रॉकव्हिलमध्ये. दुसरी एआरआरटी. ती मुळात एक्स-रेवाल्यांची, १९२२ पासूनची, आणि सोनोग्राफीचं प्रमाणपत्रही देते. हृदय आणि रक्तवाहिन्यांसाठी सीसीआय नावाची तिसरी संस्था आहे.

एआरडीएमएसच्या आरडीएमएस पदवीसाठी दोन पेपर लागतात. एक एसपीआय, म्हणजे ध्वनिलहरी, मशीन, डॉप्लर (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह मोजणं), सुरक्षितता. दुसरा तुमच्या विषयाचा, उदाहरणार्थ पोट, ओबी-गायनी, स्तन. दोन्ही पाच वर्षांच्या आत पास व्हावे लागतात. तुम्हाला परीक्षेला बसायला कुठला मार्ग लागू पडतो, हे तुमच्या शिक्षणावर अवलंबून आहे. ते संस्थेच्या साइटवरच वाचा. त्या बाबतीत व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विश्वास ठेवू नका, माझ्यावरही नको.

जॉब टास्क सर्व्हे म्हणजे नेमकं काय?

काम करणाऱ्यांनाच विचारायचं: बाबांनो, तुम्ही दिवसभर करता काय? त्यातलं काय रोज करता, काय महिन्यातून एकदा, आणि कशात चूक झाली तर पेशंटला भोगावं लागतं? याला जॉब टास्क अ‍ॅनालिसिस म्हणतात, काही ठिकाणी प्रॅक्टिस अ‍ॅनालिसिस. मी याला कामाची झाडाझडती म्हणते. साधारण पाच-सात वर्षांनी ती पुन्हा होते, आणि तिच्यावरून परीक्षेचा आराखडा नव्याने ठरतो. कुठल्या विभागाला किती टक्के वेटेज हे तिथून येतं.

पण एखाद्या ज्येष्ठ प्राध्यापकाने पेपर काढला तर काय बिघडलं?

आपण सगळे अशाच पेपरांवर वाढलोय, म्हणून हा प्रश्न रास्त आहे. पेपर सेटरला जे आवडतं ते येतं. आमच्या एका सरांना भ्रूणविज्ञान आवडायचं, म्हणून दर वर्षी भ्रूणविज्ञान. कॉलेजच्या परीक्षेत ते खपून जातं. पण जिच्या निकालावर एखाद्याची नोकरी अवलंबून आहे, आणि पेशंटच्या पोटावर कोणाचा हात पडणार हेही, अशा परीक्षेला "सरांना आवडतं म्हणून" हे उत्तर पुरत नाही. नापास झालेला माणूस विचारू शकतो, हा प्रश्न माझ्या कामाशी संबंधित आहे हे कशावरून? कोर्टातही विचारू शकतो. नोकरीसाठीच्या चाचण्यांबाबत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर खटल्यात हेच तत्त्व ठेवलं: चाचणीचा कामाशी संबंध दाखवता आला पाहिजे. तो खटला वीज कंपनीतल्या कामगारांचा होता, सोनोग्राफीचा त्याच्याशी काही संबंध नाही. पण परीक्षा घेणाऱ्या सगळ्याच संस्थांच्या मनात तेव्हापासून ही धाकधूक बसली.

शिवाय या परीक्षांनाही परीक्षा असते. व्यक्तींना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांसाठी आयएसओ १७०२४ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आणि ते कामाचं विश्लेषण मागतं. अमेरिकेतल्या तीन शिक्षण-मानसशास्त्र संघटनांनी मिळून काढलेली चाचण्यांची मानकं आहेत, २०१४ ची आवृत्ती. तीही हेच सांगतात: प्रमाणपत्राच्या परीक्षेतला मजकूर कामाच्या अभ्यासातून यायला हवा.

कामांची यादी पहिल्यांदा लिहितं कोण?

दहा-पंधरा जाणते लोक एका टेबलाभोवती बसतात. त्यात काम करणारे सोनोग्राफर असतात, एखाददुसरा रेडिऑलॉजिस्ट, शिकवणारे, आणि परीक्षाशास्त्र जाणणारा एक माणूस. सोनोग्राफीतलं त्याला ओ की ठो कळत नाही, आणि त्याने तसंच असणं चांगलं. तो फक्त क्रियापदं मागत राहतो. "यकृत" हे काम नव्हे. "यकृताची लांबी मोजणं" हे काम. "यकृताचा पोत आणि मूत्रपिंडाचा पोत यांची तुलना करणं" हेही काम. "डॉप्लरचं ज्ञान असणं" हे काम नव्हे, "डॉप्लरचा कोन ६० अंशांच्या आत ठेवणं" हे काम.

हा नामाकडून क्रियापदाकडे जाण्याचा हट्ट परीक्षेच्या आराखड्यात थेट दिसतो. एसपीआयच्या आराखड्यातल्या मथळ्यांचा अर्थ बघा: तपासणी करणं, प्रोब (पेशंटच्या अंगावर ठेवायचं यंत्र) हाताळणं, प्रतिमा सुधारणं, डॉप्लर वापरणं, सुरक्षितता आणि दर्जा सांभाळणं. पाचही क्रियापदं. आपल्याकडच्या फिजिक्सच्या पुस्तकाची अनुक्रमणिका शेजारी ठेवली की फरक डोळ्यात भरतो.

सर्व्हे दिसतो कसा?

कंटाळवाणा. खरंच. मला आलेला मी नाइट शिफ्टला उघडला होता, इमर्जन्सीतून फोन येत नव्हता म्हणून. आधी तुमच्याबद्दल प्रश्न: किती वर्षं काम करता, कुठल्या राज्यात, मोठं हॉस्पिटल की दवाखाना, कुठल्या विषयात, आठवड्याला साधारण किती पेशंट. मग ओळीच्या ओळी. डावीकडे काम, उजवीकडे गोल.

एक ओळ साधारण अशी: "योनिमार्गातून वापरायच्या प्रोबचं उच्च दर्जाचं निर्जंतुकीकरण करणं." पुढे: किती वेळा? कधीच नाही, वर्षातून काही वेळा, महिन्याला, आठवड्याला, रोज. त्याच्या शेजारी: हे किती महत्त्वाचं? थोडं, बऱ्यापैकी, फार, अत्यंत. काही सर्व्हेंत तिसरा प्रश्न असतो: हे नवख्याला पहिल्या दिवसापासून यायला हवं का, की नोकरीत शिकलं तरी चालेल? मला हा तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा वाटतो, कारण परीक्षा नवख्याची आहे, वीस वर्षं मुरलेल्याची नाही.

तिसऱ्या पानावर माझा हात एकाच रकान्यात पडायला लागला होता. "महत्त्वाचं, महत्त्वाचं, महत्त्वाचं." सगळंच महत्त्वाचं, कारण आपल्या धंद्यात बिनमहत्त्वाचं काय असतं? मग एक ओळ आली: नवजात बाळाच्या डोक्याची सोनोग्राफी. मी तेव्हा होते त्या छोट्या हॉस्पिटलात नवजात अतिदक्षता विभागच नव्हता. "कधीच नाही" वर टिचकी मारताना उगाच ओशाळल्यासारखं झालं, जणू गृहपाठ केला नाही. नंतर उमगलं की सर्व्हेसाठी तेच उत्तर लाखमोलाचं होतं. माझ्यासारख्या पुष्कळ जणांनी "कधीच नाही" म्हटलं, तर ते काम सर्वसाधारण पोटाच्या पेपरात जड होत नाही आणि लहान मुलांच्या वेगळ्या पेपराकडे सरकतं.

उत्तरांतून टक्के कसे निघतात?

इथे गंमत आहे, म्हणून जरा थांबते. खालचे आकडे माझे, फक्त हिशेब दाखवण्यासाठी.

दोन कामं घ्या. पहिलं, यकृताची लांबी मोजणं. सगळेच करतात, रोज करतात. वारंवारता ५ पैकी ४.८, महत्त्व ४ पैकी २.४. दुसरं, अंडकोषाला पीळ बसल्याचा संशय असताना रक्तप्रवाह आहे की नाही ते तपासणं. वारंवारता १.४, महत्त्व ३.९. हा पेशंट महिन्या-दोन महिन्यांनी येतो, बहुतेक वेळा रात्री, बहुतेक वेळा एखादा शाळकरी मुलगा आणि त्याची घाबरलेली आई. साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर अंडकोष वाचण्याची शक्यता चांगली असते, नंतर झपाट्याने कमी होते.

आता दोन्ही आकड्यांचा गुणाकार करा. यकृत ११.५२, पीळ ५.४६. म्हणजे यकृताला दुपटीहून जास्त वजन. बेरीज करा: ७.२ आणि ५.३. फरक बराच मिटला. महत्त्वाला दुप्पट धरून बेरीज करा: ९.६ आणि ९.२. जवळजवळ बरोबरी. लोकांनी दिलेली उत्तरं तीच, पण हिशेबाची रीत बदलली की पेपर बदलला.

म्हणून "सर्व्हेत आकडे आले, त्यातून आपोआप पेपर बनला" असं कोणी म्हणालं तर मान डोलवू नका. रीत माणसंच निवडतात. गुणाकार क्वचित घडणाऱ्या गोष्टींना मारतो, आणि आपल्या कामात जिवावर बेतणाऱ्या गोष्टी बहुतेक क्वचितच घडतात: पीळ, गर्भाशयाबाहेरचा गर्भ फुटणं, महाधमनीचा फुगवटा. माझं मत विचाराल तर महत्त्वाचं पारडं जड ठेवणारी रीतच सोनोग्राफीला शोभते. यकृत मोजायला कोणीही दोन आठवड्यांत शिकतो.

हिशेब झाल्यावर समिती पुन्हा बसते. एखाद्या कामाचा आकडा विचित्र दिसला तर त्यावर बोलणं होतं. मग कामांना ज्ञानाची जोड दिली जाते: हे काम करायला काय माहीत असावं लागतं? पीळ तपासायचा तर मंद प्रवाह दिसेल असं मशीन कसं लावायचं, दुसऱ्या बाजूशी तुलना का करायची, आणि प्रवाह "दिसत नाही" म्हणजे तो खरंच नाही की तुमचं सेटिंग चुकलंय. प्रश्न या शेवटच्या पायरीवरून लिहिले जातात.

एसपीआयमध्ये डॉप्लरला एवढं वेटेज का? सगळे तिथेच अडकतात.

अलीकडच्या आराखड्यात डॉप्लर ३४ टक्के, प्रतिमा सुधारणं २६, तपासणी करणं २३, सुरक्षितता आणि दर्जा १०, प्रोब हाताळणं ७. पेपर साधारण ११० प्रश्नांचा आणि दोन तासांचा. म्हणजे सदतीसच्या आसपास प्रश्न डॉप्लरचे.

माझ्या समजुतीप्रमाणे कारण असं आहे. एसपीआय सगळ्यांना द्यावी लागते, म्हणून तिचा पाया सगळ्या विषयांतल्या लोकांच्या कामात सामाईक असायला हवा. पोटवाला यकृताच्या शिरेत डॉप्लर लावतो, ओबीवाली नाळेच्या धमनीत, रक्तवाहिन्यांवाला मानेत, आणि हृदयवाल्याचं तर डॉप्लरशिवाय पानही हलत नाही. यकृताचा पोत हृदयवाल्याला नको, झडपेचं क्षेत्रफळ ओबीवालीला नको. सगळ्यांच्या वर्तुळांचा जो भाग एकमेकांवर येतो, त्यात डॉप्लर ठळक उरतो.

अडकायचं कारण वेगळं आहे. आपण सूत्र पाठ करतो: उलट्या बाजूने सिग्नल गुंडाळला जायला लागतो ती मर्यादा म्हणजे सेकंदाला जितक्या पल्स सोडतो त्याच्या निम्मी. सूत्र विचारलं तर सगळे पास होतील. पण विचारतात असं: पडद्यावर चित्र दिलंय, शिखर कापलं जाऊन खालून वर आलंय, आता कुठला नॉब फिरवाल? काही प्रश्नांत चक्क मशीनच्या कन्सोलचं चित्र असतं आणि त्यावरच बटण हलवून चित्र दुरुस्त करायचं असतं. सर्व्हेत काम "नॉब फिरवणं" असं आलं, म्हणून पेपरातही नॉब आला.

नवीन तंत्र पेपरात कधी येतं, आणि जुनं कधी जातं?

येतं उशिरा, जातंही उशिरा. यात दोष आहे आणि शहाणपणाही आहे.

यकृतातल्या गाठींसाठी कॉन्ट्रास्ट सोनोग्राफीला (शिरेतून सूक्ष्म बुडबुड्यांचं औषध देऊन केलेली तपासणी) अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामकाने २०१६ मध्ये मान्यता दिली. मोठ्या विद्यापीठांच्या हॉस्पिटलांत ती लगेच सुरू झाली. पण देशभरातले बहुतेक सोनोग्राफर सर्व्हेत "कधीच नाही" लिहिणार असतील, तर नवख्याला त्यावर नापास करणं अन्याय आहे. उलट थायरॉइडच्या गाठींचं बघा. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीने २०१७ मध्ये टी-रॅड्सची गुणपद्धत दिली: गाठ कशाची बनलीय, किती उजळ, आकार, कडा, आतले चमकणारे ठिपके, या पाचांचे गुण मोजायचे. गाठीचं वर्णन आणि मोजमाप याच पाच मुद्द्यांवर करणं हे सोनोग्राफरचं रोजचं काम बनलं, छोट्या दवाखान्यातही. असं काम सर्व्हेत आपोआप वर येतं.

एक प्रकार मात्र सर्व्हेच्या जाळीतून निसटतो. मानेतल्या आतल्या कॅरोटिड धमनीचा वेग मोजणं हे काम वर्षानुवर्षं तेच आहे. २००३ च्या तज्ज्ञांच्या सर्वसहमतीत सेकंदाला १२५ सेंटीमीटर ही रेषा होती, तिच्यावर गेलं की निम्म्याहून जास्त अरुंद. २०२१ मध्ये प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या आयएसीने सुचवलं की ती रेषा १८० करा, किंवा १२५ ठेवायची तर सोबत मानेतल्या कॉमन कॅरोटिड धमनीतल्या वेगाशी गुणोत्तर किमान २ हवं. सर्व्हेतली ओळ तीच राहते, "वेग मोजून अरुंदपणा ठरवणं", पण बरोबर उत्तर सरकलं. हे पकडायला सर्व्हे उपयोगाचा नाही. त्यासाठी प्रश्नपेढीतला एकेक प्रश्न जाणत्यांनी मधूनमधून पुन्हा वाचावा लागतो. म्हणून जुनी प्रश्नसंच-पुस्तकं वापरताना आकड्यांबाबत सावध राहा.

जाणाऱ्यांत व्हीएचएस कॅसेट आणि फिल्म धुणं. इकडच्या नव्या मुलांना ते सांगितलं की आजीची गोष्ट ऐकल्यासारखे बघतात. आपल्याकडे थर्मल पेपरची गुंडाळी अजून रिपोर्टला स्टेपल होते, ती गोष्ट वेगळी.

सर्व्हेला उत्तर न देणाऱ्यांचं काय?

ते पेपरातून गायब होतात. मला वाटतं हीच या पद्धतीची सर्वांत नाजूक जागा आहे.

सर्व्हे ईमेलने येतो, भरायला वेळ लागतो, पैसे मिळत नाहीत, फार तर शिक्षणाचे एखाददोन क्रेडिट. भरतं कोण? ज्याला वेळ आहे, ज्याला व्यवसायाबद्दल आस्था आहे, जो खुर्चीवर बसून काम करतो. सुपरवायझर, शिकवणारे, मोठ्या हॉस्पिटलचे लोक. रात्री एकटीच चार मजले सांभाळणारी, दर तेरा आठवड्यांनी गाव बदलणारी कंत्राटी सोनोग्राफर भरत नाही. पण तिचं काम वेगळं असतं: मदतीला कोणी नाही, पलंगाजवळची तपासणी जास्त, डॉक्टरला फोन करून "हे बघा, हे तातडीचं आहे" सांगणं जास्त.

संस्था याकडे डोळेझाक करत नाहीत. सुरुवातीचे ते राज्य, अनुभव, हॉस्पिटलचा आकार वगैरे प्रश्न त्यासाठीच असतात. उत्तर देणारे आणि एकूण नोंदणीकृत सोनोग्राफर यांची तुलना करतात, गट पाडून बघतात की गावातल्यांची आणि शहरातल्यांची उत्तरं वेगळी पडतात का. तरी, न आलेलं उत्तर कुठल्याच आकडेमोडीने तयार करता येत नाही.

आणखी एक खोट. लोक आपल्याला दुखतं ते कमी लिहितात. प्रोब दाबून धरून खांदे आणि मनगटं जातात, हे आमच्यात उघड गुपित आहे. २००९ च्या एका पाहणीत सुमारे ९० टक्के सोनोग्राफर दुखणं घेऊन काम करत असल्याचं आलं होतं. पण "पलंगाची उंची आणि स्वतःचा हात नीट जुळवून घेणं" या ओळीपुढे घाईत माणूस "थोडं महत्त्वाचं" टेकवून पुढे जातो.

हाताचं कौशल्य परीक्षेत कसं तपासतात?

तपासत नाहीत. परीक्षा संगणकावर, पर्यायांची, काही चित्रावर टिचकी मारायची. सर्व्हेत पन्नास कामं हाताची निघाली, तरी पेपर डोक्यातलंच विचारू शकतो. लठ्ठ पेशंटचं स्वादुपिंड दिसावं म्हणून हळूहळू दाब वाढवत वायू बाजूला सारणं, रडणाऱ्या बाईशी बोलता बोलता नाळ शोधणं, याला पर्याय अ, ब, क, ड नसतात. ती बाजू अर्जासोबतच्या क्लिनिकल पडताळणीच्या फॉर्मवर सोडलेली आहे. ज्याच्या हाताखाली काम केलं तो सही करतो. सही किती मनापासून केली जाते, हे आपण सगळे जाणतो.

५५५ म्हणजे काय? किती टक्क्यांना पास?

टक्के नाहीत. गुण ३०० ते ७०० च्या पट्टीवर बसवतात आणि ५५५ ला पास. त्या मागची रेघ बहुधा अँगॉफ पद्धतीच्या एखाद्या रूपाने ठरते. जाणत्यांना सांगतात, काठावर पास होण्याइतपत येणारा उमेदवार डोळ्यांपुढे आणा. असे शंभर जण असतील तर हा प्रश्न किती जणांना येईल? कोणी म्हणतं सत्तर, कोणी पंचावन्न. चर्चा होते, सरासरी निघते, सगळ्या प्रश्नांची बेरीज म्हणजे रेघ. पेपरचा एखादा संच कठीण निघाला तर पट्टी जुळवून घेतात, म्हणून कच्चे गुण विचारण्यात अर्थ नाही.

काही प्रश्न गुणांत धरलेच जात नाहीत. ते पुढच्या पेपरांसाठी चाचणी म्हणून टाकलेले असतात. कुठले ते कळत नाही, त्यामुळे विचित्र प्रश्न आला तर घाम फोडून घेऊ नका.

एआरआरटीची पद्धत वेगळी आहे का?

गाभा तोच, पण त्यांचा एक नियम मला आवडतो कारण तो लिहून ठेवलेला आहे: व्यवसायात नव्याने येणाऱ्यांपैकी देशभरात किमान ४० टक्के जणांच्या वाट्याला जे काम येतं, ते यादीत धरायचं. कमी टक्के असूनही समितीला ठेवायचं असेल तर कारण द्यावं लागतं. आपल्या पिळाच्या मुलासाठी ती खिडकी उघडी आहे.

असा सर्व्हे भारतात करून आपली परीक्षा का बनवू नये?

अमेरिकेची यादी मराठीत आणून वाटली तर पहिल्याच पानावर गाडी अडेल. अमेरिकेत प्रोब सोनोग्राफरच्या हातात असतो, रेडिऑलॉजिस्ट नंतर चित्रं बघून सही करतो. आपल्याकडे गरोदरपणाची सोनोग्राफी कायद्याने पात्र आणि नोंदणीकृत डॉक्टरच करतो. गर्भलिंगनिदान रोखणारा १९९४ चा पीसीपीएनडीटी कायदा, आणि त्याच्याही आधी १९८८ मध्ये महाराष्ट्राने केलेला देशातला पहिला राज्य कायदा, हे ज्या कारणाने आले ते कारण मराठी माणसाला सांगायची गरज नाही. जुळी असतील तर गर्भाची बाह्य जननेंद्रियं नोंदवणं हे अमेरिकेतल्या मार्गदर्शक सूचनांत येतं, आणि आईला मुलगा की मुलगी सांगणं इथे रोजचं आहे. महाराष्ट्रात तो गुन्हा आहे. त्या जागी आपल्या यादीत "एफ फॉर्म (गरोदरपणाच्या सोनोग्राफीची कायदेशीर नोंद) भरणं" हे काम येईल, आणि त्याचं महत्त्व सगळे चारपैकी चार देतील.

एमबीबीएस डॉक्टरांसाठी २०१४ च्या नियमांनी सहा महिन्यांचं सोनोग्राफी प्रशिक्षण, लॉगबुक आणि कौशल्याची परीक्षा आणली. तिच्यासाठी आपल्या तालुक्यांतल्या डॉक्टरांना विचारून यादी केली तर काय निघेल याची मला फार उत्सुकता आहे. वीज गेल्यावर मशीन पुन्हा सुरू करणं नक्की वरच्या दहांत असेल.

अभ्यासाला या सगळ्याचा उपयोग काय?

आराखडा डाउनलोड करा, फुकट असतो. पुस्तकाआधी तो वाचा. प्रत्येक ओळ क्रियापदाने वाचा आणि स्वतःला विचारा, हे मी करून दाखवू शकते का, की फक्त सांगू शकते? डॉक्टर असाल तर आजारांत वेळ कमी घालवा, ते तुम्हाला येतं. मशीन, चित्रातले खोटे भास आणि प्रोबची स्वच्छता यांत घाला. माझ्या ओळखीतले हुशार एमडी पहिल्या वेळी एसपीआयलाच गळाले. त्यांनी मशीनच्या मागे कधी उभं राहूनच पाहिलं नव्हतं, तिकडे टेक्निशियन असायचा.

मला सर्व्हेचा ईमेल आलाय. भरू का?

भरा. पण एका बैठकीत नको. बहुतेक सर्व्हे मध्येच सेव्ह करता येतात. मागच्या आठवड्याची वर्कलिस्ट समोर ठेवा, कारण आठवणीवर भरलं की नाट्यमय केसेसच आठवतात आणि रोजची पित्ताशयं विसरली जातात. जे करत नाही तिथे न लाजता "कधीच नाही" मारा. शेवटी "यादीत काय राहिलं?" असा मोकळा रकाना असेल तर तो रिकामा सोडू नका. मी गेल्या वेळी त्यात लिहिलं होतं: इंग्रजी न येणाऱ्या पेशंटला फोनवरच्या दुभाष्यामार्फत श्वास रोखून धरायला सांगणं. श्वास सोडा हे वाक्य पोहोचेपर्यंत पेशंट निळा पडायला आलेला असतो.